अक्षराला हात लागू द्या

१

आपल्या चळवळीत शिक्षणाविषयी जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलले गेले असेल. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, राखीव जागा, उच्च शिक्षणातील गळती या प्रश्नांवर आपण परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, ठराव केले. ते आवश्यकच होते व आजही आहे. परंतु या सर्व प्रश्नांच्या तळाशी असलेला एक प्रश्न आपल्या व्यासपीठावर सहसा येत नाही. पहिलीत बसलेले आपले मूल वाचायला नेमके कसे शिकते? आणि शिकत नसेल तर का शिकत नाही? हा प्रश्न आपण ‘मास्तरांचा प्रश्न’ म्हणून सोडून दिला आहे. या लेखात मला तोच मांडायचा आहे.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर आमच्या वस्तीतील विहारात पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्गही घेते. या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात भिंतीवरचे कॅलेंडर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालची अक्षरे एवढाच काय तो छापील मजकूर असतो. आई धुण्याभांड्याला किंवा खुरपणीला जाते, वडील गवंड्याच्या हाताखाली किंवा हमालीला. मुले तरतरीत आहेत. दुकानातून सामान आणून उरलेले पैसे चोख परत देतात, लांबलचक भीमगीत दोनचारदा ऐकून पाठ म्हणतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. पण तिसरी-चौथीत गेल्यावरही यांतली कित्येक मुले पुस्तक समोर आले की गप्प होतात.

हे फक्त आमच्या वस्तीचे चित्र नाही. ‘असर’ या नावाने ग्रामीण भागात घरोघर जाऊन जी पाहणी केली जाते, तिच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ होती. हा आकडा सर्व जातींच्या मुलांचा मिळून आहे. ज्या घरात वाचणारा माणूस आहे तेथे शाळेने सोडलेले घर भरून काढते. ज्या घरातील पहिलेच मूल शाळेत जात आहे त्याला शाळेखेरीज दुसरा आधार नाही. म्हणून वाचन शिकवण्याच्या पद्धतीतला दोष सर्व मुलांवर सारखा पडत नाही. तो आपल्या मुलांवर सर्वांत जास्त पडतो, आणि वर ‘यांच्यात मुळातच डोके नाही’ हा जुना सिद्धांत पुन्हा सिद्ध करायला वापरला जातो.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपण वारंवार उद्धृत करतो. पण त्याच निवेदनात काय शिकवावे, येथपर्यंत ते गेले आहेत. मोडी व बालबोध लिपीचे वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, असा तपशील त्यांनी दिला, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले असावेत असेही सुचवले. शाळेचे दार उघडण्याबरोबरच आत गेल्यावर काय होते याकडेही त्यांचे लक्ष होते. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. दार उघडले. आत गेल्यावर काय होते, हे पाहण्याचे काम आपण अजून हाती घ्यायचे आहे.

२

बहुतेक ठिकाणी वाचनाची सुरुवात मुळाक्षरांच्या तक्त्याने होते. ‘अ अननसाचा’, ‘आ आईचा’ असे करत मूल ‘ज्ञ’पर्यंत जाते. मग बाराखडी. मुले एका सुरात म्हणतात आणि सूर बरोबर लागला की गुरुजी समाधानी होतात. मी एक सोपा प्रयोग करते. जाड पुठ्ठ्याला एका अक्षरापुरते भोक पाडायचे आणि तो पुठ्ठा तक्त्यावर ठेवून मधलेच एखादे अक्षर विचारायचे. सगळी बाराखडी घडाघडा म्हणणारे मूल अडखळते, आणि मनातल्या मनात सुरुवातीपासून मोजत येते. म्हणजे त्याला क्रम पाठ आहे, अक्षर ओळखू येत नाही. पाठांतर आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे उघड होते.

दुसरी अडचण तक्त्यावरच्या शब्दांची. ईडलिंबू, ऐरण, उखळ, ऋषी, यज्ञ. चित्रावरून शब्द आठवावा आणि शब्दावरून अक्षर, अशी ही योजना आहे. पण कोरडवाहू भागातल्या पोराने ईडलिंबू पाहिलेले नसते आणि वस्तीतल्या पोराने यज्ञ पाहिलेला नसतो. परके चित्र, परका शब्द आणि परके अक्षर अशी तिहेरी ओळख त्याला एकदम करून घ्यावी लागते. हे शब्द कोणाच्या घरातून आले आहेत, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरी अडचण अधिक खोल आहे. ‘म ला काना मा’ असे म्हणत मुलाला चिन्हांची नावे शिकवली जातात. मग ‘मामा’ हा शब्द वाचताना ते ‘म ला काना मा, म ला काना मा’ असे म्हणते, आणि एवढे म्हणून झाल्यावर शब्द कोणता होता हे विसरून जाते. चिन्हाचे नाव आणि चिन्हाचा आवाज यांत आपण गल्लत केली आहे. वाचताना उपयोगी पडतो तो आवाज.

या सगळ्यात जे मूल मागे पडते त्याला आपल्या भाषेने एक नावही देऊन ठेवले आहे. ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून ‘ढ’चा आकार फारसा बदलला नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी त्याची उपपत्ती सांगतात. वर्णमालेतल्या एका अक्षराची शिवी करून ती सहा वर्षांच्या मुलाला द्यायची आणि त्याच वर्णमालेवर त्याने प्रेम करावे अशी अपेक्षा ठेवायची, हा प्रकार आपल्या शाळांत सर्रास चालतो.

३

वाचन म्हणजे बोललेल्या शब्दातील आवाज आणि लिहिलेल्या खुणा यांची सांगड. ही सांगड घालायची तर आधी शब्दात आवाज असतात हे मुलाच्या ध्यानात आले पाहिजे. आपल्याला हे इतके सरावाचे झाले आहे की त्यात शिकवण्यासारखे काय आहे असे वाटते. पण लहान मुलाला ‘बैल मोठा की मुंगी मोठी?’ असे विचारा, ते सांगेल. ‘बैल हा शब्द मोठा की मुंगळा हा शब्द मोठा?’ असे विचारा, ते ‘बैल’च म्हणेल. त्याच्या लेखी शब्द म्हणजे वस्तू. शब्दाला लांबी असते, तो तोडता येतो, त्याचा पहिला तुकडा दुसऱ्या शब्दाला लावता येतो, ही नवी जाणीव आहे. तिला ध्वनींची जाणीव म्हणतात. ही जाणीव आणि वाचन यांचा घट्ट संबंध आहे, हे अनेक भाषांतील संशोधनाने दाखवले आहे. ती देण्यासाठी पाटीही लागत नाही. लागतात ते चिंचोके.

मुलाला एक ओळखीचा शब्द द्यायचा. ‘माती’. ते तो सावकाश म्हणते आणि प्रत्येक तुकड्याला एक चिंचोका पुढे सरकवते. मा, ती. दोन चिंचोके. मग ‘बाबा’, ‘मामी’, ‘कावळा’. काही दिवसांत मुले स्वतःचे नाव, गावाचे नाव चिंचोक्यांत मांडू लागतात. त्यानंतर पहिला आवाज ओळखण्याचा खेळ. टोपलीत माळ, मासा, पाटी अशा वस्तू किंवा चित्रे ठेवायची आणि ‘मा’ने सुरू होणारी वस्तू काढायला सांगायची. मग अदलाबदल. ‘माती’तला पहिला चिंचोका काढून घ्यायचा आणि त्याजागी ‘पा’ म्हणायचे. पाती. मग नाती, हाती, जाती. मुले यात रंगून जातात.

येथे मराठीची एक खोच शिक्षकाला माहीत असली पाहिजे. ‘घर’ हा शब्द आपण एका दमात बोलतो, ‘र’चा पूर्ण उच्चार करत नाही, पण लिहिताना दोन अक्षरे लिहितो. ‘भाकरी’ बोलताना ‘भाक्-री’ असे दोन तुकडे ऐकू येतात, कागदावर मात्र तीन अक्षरे असतात. मूल ‘भाकरी’ला दोन चिंचोके मांडते तेव्हा त्याचा कान बरोबर असतो. त्याला ‘चूक’ म्हटले तर ते आपल्या कानावरचा विश्वास गमावून बसते. म्हणून सुरुवात अशा शब्दांनी करावी ज्यांत बोलणे आणि लिहिणे जुळते. बाबा, मामा, माती, पाणी. ‘घर’, ‘काम’, ‘भाकरी’ हे शब्द नंतर घ्यावेत, आणि त्या वेळी सरळ सांगावे की बोलताना आपण आवाज आखडता घेतो, लिहिताना तो मोकळा लिहितो.

या खेळांचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वैशिष्ट्य वेगळेच आहे. यात अक्षर नाही. म्हणून निरक्षर आईला हे खेळ घेता येतात. भाकरी थापताना ‘भा’ने सुरू होणारे आणखी काय गं, असे ती विचारू शकते. आमच्या आया-आज्यांना ओव्या, उखाणे, कोडी यांचा सराव आहे. शब्दाच्या शेवटाशी शेवट जुळवणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले येते. ‘पालक अडाणी, मग मूल काय शिकणार’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात वाचनाचा अर्धा पाया अशिक्षित बाईही घालू शकते. शाळेने तिला ते कधी सांगितलेले नाही, एवढेच.

४

आता अक्षर. ते डोळ्यांनी पाहून थोडे शिकता येते, हाताने गिरवून अधिक. बोट आकारावरून फिरत असताना तोंडाने त्याचा आवाज काढला की डोळा, हात आणि कान एकाच वेळी कामाला लागतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तीत बालगृह सुरू केले, तेथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांत काम करताना महागडी साधने बाजूला ठेवली आणि परिसरात फुकट मिळणाऱ्या बिया, शिंपले, पाने, माती यांतून साधने घडवली. वस्तीतल्या कार्यकर्त्याला याच वाटेने जायचे आहे.

ताटात बारीक चाळलेली वाळू पसरावी. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर वाळू भुरभुरवली की खरखरीत अक्षर तयार होते. मुलाने त्यावरून बोट फिरवावे, आवाज म्हणावा, मग तेच अक्षर ताटात काढावे. चुकले तर ताट हलवायचे, पुसले जाते. वहीत लाल शाईची फुली बसते तशी येथे बसत नाही.

सुरुवातीला मुलाचा हात हातात घेऊन गिरवून घ्यावे लागते. धूळपाटीच्या काळापासून पंतोजी असेच शिकवत आले. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतील मुलाचा हात कोण धरणार होते? विटाळ होईल म्हणून अस्पृश्य मुलाच्या पाटीला हात न लावणारे शिक्षक होते. सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते आणि ते वेगळे बसत होते. लिहायला शिकण्याची जी पहिली रीत आहे, हात धरून शिकण्याची, तीच आपल्याला नाकारलेली होती. म्हणून मुलाचा हात धरणे ही मला नुसती अध्यापनाची क्लृप्ती वाटत नाही. आजही एखाद्या वर्गात मागच्या रांगेतले मूल वर्षभर शिक्षकाच्या हाताविना राहते. त्याला मारायला हात उचलला जातो, गिरवून घ्यायला जात नाही. कार्यकर्त्यांनी शाळेत जाऊन पाहावे ते हे.

अक्षरांचा क्रम कोणता असावा? ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे. शास्त्र म्हणून तो सुंदर आहे, पण तो शिकवण्याचा क्रम नव्हे. थोडी अक्षरे घ्यावीत, ज्यांचे आकार एकमेकांपासून वेगळे आहेत आणि ज्यांतून ताबडतोब शब्द होतात. मी म, ब, क, र ही चार अक्षरे आणि काना घेते. एवढ्यात बाबा, मामा, काका, रमा, काम, मका, बारा, मार, बकरा हे शब्द होतात. ‘बाबा’ म्हणजे घरातले बाबा आणि भिंतीवरचे बाबासाहेबही, ‘रमा’ म्हणजे रमाई. ‘काका, काम करा’ हे वाक्यही एवढ्यातच होते. पंधरवड्यात मूल वाक्य वाचते आणि ते वाक्य त्याला कळते. दुसऱ्या खेपेला भ, त, न आणि दीर्घ वेलांटी घ्यावी. भात, माती, तीन, भीम, भाकरी असे शब्द हाती लागतात.

काना शिकवायला खराट्याची काडी पुरते. ‘म’चे कार्ड ठेवायचे, मूल ‘म’ म्हणते. शेजारी काडी उभी केली की ‘मा’. काडी काढली की पुन्हा ‘म’. मुलाने स्वतः काडी ठेवायची, काढायची आणि आपले तोंड कसे उघडते ते पाहायचे. लहान काडी डोक्यावर तिरकी ठेवली की ‘मे’, दोन ठेवल्या की ‘मै’. काना आणि मात्रा मिळून ‘मो’, काना आणि दोन मात्रा मिळून ‘मौ’. वेलांटी आणि उकार सुतळीच्या तुकड्याचे करावेत. हीच काडी मग ‘क’ला लावायची, ‘र’ला लावायची. एक खूण कोणत्याही अक्षराला लागली तरी तिचे काम तेच, हे मुलाला हाताने उमगते. चौतीस व्यंजने आणि बारा खुणा धरल्या तर चारशेच्या वर आकार होतात. ते एकेक पाठ करायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. काडीचे तत्त्व कळले की तो डोंगर उरत नाही. बाराखडीतले शहाणपण हेच आहे. घोकंपट्टीने ते झाकून टाकले.

ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरे यांनी प्रौढ कष्टकऱ्यांना असेच शिकवले. लोकांच्या जगण्यातला एक शब्द घ्यायचा, उदाहरणार्थ ‘तिजोलो’, म्हणजे वीट. त्यावर चर्चा करायची, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे कुटुंब मांडायचे, ता ते ति तो तु, आणि लोकांनी त्यांतून स्वतः नवे शब्द बनवायचे. १९६३ साली आंजिकोस या गावात सुमारे ३०० प्रौढांचे वर्ग या रीतीने चालले. त्या काळी तेथे निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता. म्हणून मजुराने वाचायला शिकणे ही राजकीय घटना होती. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे यांना तुरुंगात टाकले. ‘ता ते ति तो तु’ ही एक बाराखडीच आहे. आपली बाराखडी आणि त्यांची बाराखडी यांत फरक एवढाच की त्यांची बाराखडी विटेपासून सुरू झाली, आणि वीट ज्याच्या डोक्यावर होती त्याने ती म्हटली.

५

पुढच्या पायऱ्यांवरच्या काही अडचणी थोडक्यात सांगते.

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि तिचा आवाज नंतर येतो. ‘कि’ वाचताना मूल गोंधळते ते यामुळे. कार्ड आणि सुतळी हातात दिली, आधी ‘क’ ठेवून मग वेलांटी चढवायला सांगितले, की हा गोंधळ कमी होतो. ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा पहिली दोन वर्षे बाजूला ठेवावा, कारण शब्दाच्या शेवटी ‘ई’ दीर्घ लिहायची हा लेखनाचा नियम आहे, कानाला तो फरक जाणवतोच असे नाही. ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’तला ‘च’ मुले घरी बरोबरच बोलतात. शब्द ओळखीचा असला की योग्य उच्चार आपोआप येतो. ओळखीच्या शब्दांपासून सुरुवात करण्याचे हे आणखी एक कारण.

जोडाक्षरांची धास्ती उगाच घातली जाते. ‘स’, ‘त’, ‘न’, ‘म’ अशा उजवीकडे दंड असलेल्या अक्षरांचे कार्ड घ्यावे आणि दंडाची कडा मागे दुमडावी. दंड गेला की त्यातला ‘अ’ गेला. दुमडलेल्या ‘स’ला ‘ती’चे कार्ड चिकटून ठेवले की ‘स्ती’. अलीकडे ‘व’ ठेवला की ‘वस्ती’. मुलाचा पहिला जोडाक्षरी शब्द त्याचा स्वतःचा पत्ता असतो. ‘ट’, ‘ड’, ‘द’, ‘ह’ या अक्षरांना असा दंड नाही, त्यांच्या जोडण्या वेगळ्या आहेत, त्या नंतर घ्याव्यात. रफार सर्वांत शेवटी.

हे सर्व एका वर्षात संपवण्याचा हट्ट धरू नये. कन्नड लिपी आपल्यासारखीच अक्षराधारित आहे. ती शिकणाऱ्या मुलांविषयी सोनाली नाग यांनी जे संशोधन केले, त्यात असे दिसले की सगळी अक्षरे आत्मसात होण्याचा काळ पहिली-दुसरीच्या पुढेही चालू राहतो. तिसरीत अडखळणारे मूल मंद असते असे नाही. पुष्कळदा त्याचे शिकणे चालू असते, आणि आपण शिकवणे बंद केलेले असते.

६

आता भाषेचा प्रश्न. पुस्तकात ‘पाणी’ छापलेले असते आणि मूल ‘पानी’ वाचते. विदर्भातल्या कितीतरी घरांत डोळ्याला ‘डोया’ आणि केळीला ‘केयी’ म्हणतात. ‘डोळा’ हा शब्द पाहून जे मूल ‘डोया’ म्हणते त्याने शब्द वाचला आहे. खुणा उलगडल्या आहेत, अर्थ ओळखला आहे आणि आपल्या घरच्या बोलीत उच्चारला आहे. वाचनाचे काम पूर्ण झाले. तरी वर्गात हशा होतो आणि शिक्षक म्हणतात, ‘शुद्ध बोल.’

शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्याला नवे नाहीत. ज्यांना माणसाच्या सावलीत अशुद्धता दिसत होती त्यांच्याच परंपरेने ते भाषेलाही लावले. पुण्याच्या विशिष्ट वर्गाच्या बोलीला छापील मराठीचे प्रमाणत्व मिळाले, ही इतिहासातली घटना आहे, भाषेचा निसर्गनियम नव्हे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली, आणि ज्या बोलीला वर्गात हसत होते ती साहित्याच्या मध्यभागी आली. जी बोली साहित्याला चालते ती पहिलीच्या वाचनपाठाला का चालू नये?

याचा अर्थ ‘ण’ आणि ‘ळ’ शिकवू नयेत असा नाही. अर्ज, परीक्षा, नोकरी, न्यायालय यांची भाषा आपल्या मुलांना आलीच पाहिजे. तीत कच्चे राहणे आपल्याला परवडणारे नाही. पण त्यासाठी घरची बोली हिणवावी लागत नाही. ‘तुझी आई पानी म्हणते, पुस्तकात पाणी लिहितात’ एवढे सांगितले की पुरते. मूल दोन्ही सांभाळते. ज्या मुलाला तोंड उघडण्याचीच भीती बसली आहे, त्याला आवाजाकडून अक्षराकडे नेणारी कोणतीही पद्धत उपयोगी पडणार नाही, कारण आवाजच बंद झालेला असतो.

७

काही आक्षेपांचा विचार करू.

एक आक्षेप आपल्याच मित्रांकडून येतो. पिढ्यान्‌पिढ्या हाताने राबलो, आता आमच्या मुलांना पुन्हा वाळू-मातीत हात घालायला सांगता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना हस्तव्यवसाय आणि इतरांना पुस्तके, अशी वाटणी सुचवणाऱ्या योजना आपण पाहिल्या आहेत. म्हणून भेद स्पष्ट असावा. येथे हात हा बुद्धीकडे जाणारा रस्ता आहे. चिंचोके, वाळू, काड्या यांचे काम मूल वाचू लागले की संपते, आणि ती बाजूला ठेवायची असतात. ज्या वर्गात वर्षभर चिकटकाम आणि रंगकाम चालते पण मूल वाचत नाही, तेथे ‘कृतियुक्त शिक्षण’ या नावाखाली फसवणूक चालली आहे. मूल नवा, न शिकवलेला शब्द स्वतः उलगडते का, ही एकच कसोटी लावावी.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. अलीकडे इंग्रजी माध्यमाच्या लहान-मोठ्या शाळा ‘फोनिक्स’ या नावाने पालकांना आकर्षित करतात, आणि पोटाला चिमटा काढून आपली माणसे तेथे फी भरतात. त्यांच्या इच्छेला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण एक समजून घ्यावे. इंग्रजीत २६ अक्षरे आणि सुमारे ४४ आवाज आहेत, म्हणून तेथे आवाज-अक्षराची सांगड किचकट आहे आणि तिचे वेगळे तंत्र करावे लागले. मराठीत ही सांगड पुष्कळ सरळ आहे. मराठीत एकदा वाचनाची किल्ली हाती आली की मूल ती इंग्रजीलाही लावून पाहते. ज्याच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही त्याला न कळणाऱ्या शब्दांचे आवाज जुळवायला लावणे म्हणजे ईडलिंबाचाच दुसरा अवतार होय.

तिसरा आक्षेप असा की आवाज जोडणे म्हणजे वाचन नव्हे, अर्थ महत्त्वाचा. हे मान्यच आहे. म्हणून वर्गात रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, तीवर मुलांनी बोलावे. मुले जे सांगतात ते एका ओळीत लिहून त्यांनाच वाचायला द्यावे. पण आवाजांची किल्ली न देता ‘पुस्तकांच्या सहवासात मूल आपोआप वाचू लागेल’ असे म्हणणे हा पुस्तके असलेल्या घरांचा अनुभव आहे. आमच्या घरांत तो सहवास नाही. जे इतरांना आपोआप मिळते ते आम्हाला उघड करून, पायरीपायरीने मिळाले पाहिजे.

८

शेवटी करण्यासारखे काही. २०२१ पासून ‘निपुण भारत’ या सरकारी अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे उद्दिष्ट मानले आहे. त्याचा जाब शाळेला विचारावाच. पण तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येक वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे. अकरावी-बारावीत शिकणारी मुले-मुली आहेत. रोज एक तास पुरतो. दहा मिनिटे आवाजांचे खेळ, पंधरा मिनिटे वाळू आणि काड्या, पंधरा मिनिटे शब्द बनवणे, दहा मिनिटे वाचन, दहा मिनिटे गोष्ट. एका वर्गात दहा-बारापेक्षा जास्त मुले नसावीत, नाहीतर हात धरता येत नाही. अक्षरांची कार्डे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर होतात. जयंतीच्या वर्गणीतला लहानसा हिस्सा या वर्गासाठी बाजूला काढला तर पाट्या, पुठ्ठे आणि गोष्टींची पुस्तके येतात.

सुरुवातीला आणि नंतर दर तीन महिन्यांनी भोकाचा पुठ्ठा घेऊन प्रत्येक मुलाला अक्षरे येतात का, नवा शब्द वाचता येतो का, हे पाहून वहीत लिहून ठेवावे. ती वही घेऊन शाळेत जावे. भाषणापेक्षा त्या वहीचा मुख्याध्यापकांवर अधिक परिणाम होतो, असा माझा अनुभव आहे.

निरनिराळ्या भागांतील मुलांच्या तोंडी असलेले शब्द वेगळे आहेत. मराठवाड्यात जी पहिली चार अक्षरे चालतील ती कोकणात किंवा चंद्रपुरात तशीच चालतील असे नाही. ज्यांनी असे वर्ग चालवले आहेत त्या कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी आपल्याकडच्या मुलांचे शब्द गोळा करावेत आणि ते याच पानांवर मांडावेत. त्यांतून आपल्या मुलांचे पहिले वाचनपुस्तक तयार करता येईल.